जुन्या वाड्याची नोंद करताय? निदान या चुका टाळा

वाड्याची नोंद करायला, म्हणजे त्याची मापं, फोटो आणि इतिहास टिपायला निघालेला माणूस पहिलं विचारतो, "कधीचा आहे हो?" आणि जे पहिलं साल सापडेल ते वहीत टिपून मोकळा होतो. सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

सर्वांत जास्त फसवतं ते कौल. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, पुष्कळदा सालही. वाईकडच्या एका वाड्याच्या मालकांनी मला असंच १८६५ चं कौल दाखवलं. तोवर पुतण्याने 'स्थापना १८६५' अशी पाटीही रंगवून घेतली होती. आता १८६५ हे बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते साल. पुढे कितीतरी वर्षं निघालेल्या कौलांवर तेच उठवलेलं सापडतं. त्यात या कौलावर गाव होतं फेरोक, म्हणजे केरळातला, बराच नंतर निघालेला कारखाना! माळ्यावर चढलो तर रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, सगळे यंत्रावरचे गोल तारेचे खिळे, म्हणजे छप्परही नंतरचंच. खाली सोप्यातले खांब आणखी तिसरंच सांगत होते. दोन खांबांना कमरेच्या उंचीवर रिकाम्या खाचा होत्या, जिथे तुळई यायचं काही कारणच नाही. लाकूड दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीतून उतरवून आणलेलं. सागवान कोण टाकून देतो? एक वाडा पडला की त्याचे खांब, तुळया, कड्या विकल्या जात आणि दुसरीकडे उभ्या राहत. पुतणे माझ्यावर रुसले ते रुसलेच, पाटी अजून तिथेच आहे.

मी साल घराला लावतच नाही, भागाला लावतो. जोतं, खांब, भिंती, कडीपाट (कड्या-फळ्यांचं छत), छप्पर, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि प्रत्येकापुढे 'कशावरून?' असा रकाना. तो रिकामा राहिला तर खुशाल राहू दे. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा बरा.

दारावर १७१२ कोरलेलं दिसलं की लगेच शिवशाहीनंतरची धामधूम आठवू नका. तो बहुधा शालिवाहन शक असतो. ७८ मिळवा, १७९० येतं. मोडी कागदावर शुहूर सन (जुन्या कागदपत्रांतली एक कालगणना) असेल तर महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मोडी येत नसेल तर येणाऱ्याकडे जा, अक्षरं जुळवत बसू नका.

आणि एक वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं: "फोटो चांगले यावेत म्हणून आधी जरा साफसफाई करून घेतली." अहो, कडीपाटावरची काजळी म्हणजे खाली चूल होती. आज तिथे दिवाणखाना असेल, तर स्वयंपाकघर कधीतरी हललं, एवढं ती काजळी सांगते. खांबावरच्या ऑइलपेंटचे थर, तक्तपोशीवर, म्हणजे छताच्या फळ्यांवर, काढून टाकलेल्या भिंतीची फिकट पट्टी, हे सगळं तारेच्या ब्रशने तासाभरात जातं. आधी फोटो, मग मोजमाप, मग झाडू. पॉलिशवाल्याला तर शेवटच्या दिवसापर्यंत पत्ताही देऊ नये.

वाड्यातला चौक काटकोनात आहे असं धरू नका, दोन्ही कर्ण मोजा. टेप एका टोकाला धरून सलग आकडे घ्या. तुकड्या-तुकड्यांची बेरीज कधी जुळत नाही. फोटोत मापाची पट्टी ठेवा. मोबाईलवरचं स्कॅन दिसतं झकास, पण फडताळामागे काय आहे ते त्याला कळत नाही. ज्यांना सगळं एका रविवारात उरकायचंय त्यांनी फक्त ओसरी मोजावी, ती तरी नीट होईल.

घरातल्या आजींना साल विचारू नका, त्या तुमचं मन राखायला काहीतरी सांगतील. "ही भिंत थोरल्या आत्यांच्या लग्नात होती का?" असं विचारा. लग्नपत्रिका ट्रंकेत सापडते, तारखेसकट. पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये याहून सोपं आहे: "पानशेतच्या आधी की नंतर?" पानशेत धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर पाहिलेल्या माणसाला कुठली मातीची भिंत बसली आणि कुठली विटांची नंतर उठली, हे बोट दाखवून सांगता येतं. त्यांच्यासोबत घरभर फिरा, आणि ते बोलत असताना पेन्सिल चालू ठेवा.