नव्या गिलाव्याला रंग देण्यापूर्वीची तयारी

गवंड्याने शेवटचा रंधा फिरवला, त्या दिवसाची तारीख प्रत्येक खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी, कारण रंगाचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान 7 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले गेले आहे याची खात्री करावी आणि पाणी बंद केल्यानंतर भिंत निदान 28 दिवस उघडी सोडावी. कोल्हापुरात हा मुदतीचा आकडा फाल्गुन-चैत्रात पुरतो. आषाढ-श्रावणात मात्र दोन महिने गेले तरी उत्तरेकडची भिंत हाताला गारच लागते, म्हणून कॅलेंडरपेक्षा भिंतीवर अधिक विश्वास ठेवावा.

ओल पाहण्यासाठी हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि 24 तासांनी काढावा. आतल्या बाजूस दवासारखे थेंब जमले असतील किंवा त्याखालचा गिलावा भोवतालच्या भिंतीपेक्षा गडद दिसत असेल, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये. ही चाचणी खिडकीशेजारी न घेता जमिनीपासून फूटभर उंचीवर, न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर आणि कपाटाच्या कोनाड्यात घ्यावी. ओल लपते ती तिथेच. ज्या घरांच्या भिंती 2019 किंवा 2021 च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या होत्या आणि ज्यांचा गिलावा नंतर पाडून नव्याने केला, त्यांना 28 दिवसांचा हिशेब लावू नये, कारण तिथे गिलावा वाळला तरी आतली वीट बराच काळ पाणी सोडत राहते.

घाईचे नुकसान दोन प्रकारांनी होते. ओलाव्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. शिवाय ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने ऑइलपेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. आमच्या स्वयंपाकघरात वास्तुशांतीच्या घाईने तीन आठवड्यांतच दिलेला रंग दिवाळीपर्यंत ओट्यामागे पापुद्र्यासारखा नखाने निघू लागला होता. मुहूर्त पुढे ढकलता येत नसेल, तर तेवढ्यापुरता व्हाइट सिमेंटचा एक हात द्यावा, जो भिंतीचा श्वास कोंडत नाही, आणि खरा रंग नंतर करावा.

भिंत वाळल्यावर तिच्यावर पांढरी भुकटी दिसते का ते बोट फिरवून पाहावे. हा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास तोच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. आठवड्याने तो परत आला, तर पाणी कोठून येते ते आधी शोधावे. मग नाण्याने भिंतीवर ठोकत जावे, पोकळ आवाज येईल तिथला गिलावा पाडून घ्यावा आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतल्या बारीक भेगा किंचित रुंद करून भराव्यात.

सिमेंटवर आधारित पुट्टी लावण्यापूर्वी भिंतीवर हलके पाणी शिंपडावे, दोन हात मिळून जाडी 1.5 मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये आणि पॉलिश पेपर मारल्यावर धूळ पूर्ण पुसून घ्यावी. ही धूळ पुसण्याचे काम टाळण्याकडे कारागिरांचा कल असतो, म्हणून प्रायमरच्या दिवशी मालकाने घरी थांबावे. प्रायमर क्षाररोधक आणि पाण्यात मिसळणारा असावा. त्यावर इमल्शनचे दोन हात, डब्यावर लिहिलेले अंतर ठेवून द्यावेत. जिप्समच्या गिलाव्याला पाणी मारायचे नसते आणि तो लवकर वाळतो, पण प्लॅस्टिकची चाचणी त्यालाही चुकत नाही.

बाहेरच्या भिंतींचे काम परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, काढावे आणि वळीव सुरू होण्याआधी संपवावे. उन्हाने तापलेल्या भिंतीवर रंग फार लवकर सुकतो आणि ब्रशचे पट्टे उमटतात, तेव्हा पूर्वेची बाजू दुपारी आणि पश्चिमेची सकाळी, असा क्रम रंगाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावा.