नळी काढल्यावर फुप्फुसात पाणी: ओळखायचं कसं, करायचं काय

भूल उतरताना श्वासनलिकेतली नळी काढताच स्वरयंत्र आवळलं, म्हणजे लॅरिंगोस्पाझम झाला, की श्वासाची वाट बंद होते आणि पेशंट मात्र जीव खाऊन श्वास ओढत राहतो. छातीतला दाब उणे ५० ते १०० सेंमी पाण्यापर्यंत उतरू शकतो. हृदयाकडे जास्त रक्त ओढलं जातं आणि केशवाहिन्यांतलं पाणी वायुकोशांत झिरपतं. असं ओढायला ताकद लागते, म्हणून हा त्रास धडधाकट तरुणांत जास्त.

आवाजाची वाट पाहू नका. वाट पूर्ण बंद असेल तर घरघरही येत नाही. गळ्याखालची खाच आत खेचली जाते, छाती आत आणि पोट बाहेर जातं, भुलेच्या मशीनची बॅग हलत नाही, कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ सपाट होते. सॅचुरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, नंतर पडतं.

मदतीला हाक मारा. १०० टक्के ऑक्सिजन द्या, मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरा, जबडा पुढे काढा. कानाच्या पाळीमागच्या खाचेत, जबड्याचं हाड आणि कानामागचं हाड यांच्यामध्ये, दोन्हीकडून बोटं जोरात आत दाबा. बॅगेत सतत दाब ठेवा, पण जोराने पिळू नका. हवा पोटात जाते. स्वरयंत्र सुटलं नाही तर प्रोपोफॉल (भुलेचं औषध) ०.५ मिग्रॅ प्रति किलो. तरीही सॅचुरेशन घसरत असेल तर सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो. लहान मुलांत नाडी मंदावते, अ‍ॅट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) भरून ठेवा.

नळी दातांत करकचून धरली तरी हेच होतं. तेव्हा कफमधली, म्हणजे नळीभोवतीच्या फुग्यातली, हवा काढा, म्हणजे बाजूने श्वास जातो. जागं होण्याआधीच दाढांमध्ये गॉझची गुंडाळी ठेवलेली बरी.

वाट मोकळी झाल्यावर काही मिनिटांत गुलाबी फेस आला, दोन्ही फुप्फुसांत बुडबुड ऐकू आली, तर पाणी झालंय. पेशंट शुद्धीवर असेल तर सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा) ५ ते १० सेंमी पाणी. दमला किंवा गुंगीत असेल तर पुन्हा नळी घालून पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) द्या. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) सवयीने देऊ नका: दोष सहसा जास्त सलाइनचा नसतो, आणि रक्तदाब पडू शकतो. उलटी फुप्फुसात गेली का, हृदयाचा त्रास आहे का, हे एक्स-रे आणि ईसीजीने तपासा. बहुतेकांचं १२ ते ४८ तासांत निवळतं.

कधी पाणी काही तासांनी दिसतं. त्यामुळे स्पाझम झालेला पेशंट बरा दिसला तरी लगेच वॉर्डात पाठवू नका.

टाळायचं तर घसा आधी सक्शन करा, टीओएफ (स्नायूंची ताकद किती परतली याचं माप) ०.९ च्या वर आणा, आणि अर्धवट गुंगीत नळी काढू नका.