होमस्टेची वेबसाइट आणि तो जगातला नंबर

सीझन तोंडावर आला की मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांना हमखास फोन येतो: "तुमच्या साइटचा रँक फार खाली आहे, आम्ही वर आणून देतो." मी याच पट्ट्यातल्या होमस्टे आणि आंबावाल्यांच्या साइट बनवतो. त्या फोनपायी कुणाचा एक रुपयाही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हा रँक म्हणजे किती लोक साइट बघतात त्यावरून जगभरच्या साइटमध्ये तिला दिलेला नंबर, आणि तो अंदाजाचा असतो. असे नंबर लावणाऱ्या सेवांत अलेक्सा सगळ्यात नावाजलेली (आवाजावर चालणारी अलेक्सा वेगळी). १९९९ मध्ये अॅमेझॉनने ती विकत घेतली, १ मे २०२२ ला बंद केली. ज्यांच्या ब्राउझरमध्ये तिचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) असे, मुख्यतः त्यांच्यावरून ती हिशेब लावायची. एक लाखाच्या पलीकडचे नंबर भरवशाचे नाहीत, असं ती स्वतःच सांगे. आजच्या सेवांचंही गणित नमुन्यावरच चालतं. चार खोल्यांच्या होमस्टेची साइट बघणारे त्या नमुन्यात सापडणार किती?

त्यापेक्षा गूगल सर्च कन्सोल लावा, म्हणजे गूगलच्या शोधात आपली साइट कशी दिसते ते दाखवणारी गूगलचीच सेवा. फुकट आहे. ज्या कंपनीकडून डोमेन (साइटचं नाव) घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या सेटिंगमध्ये, गूगलने दिलेली एक ओळ (टीएक्सटी रेकॉर्ड) टाकली की मालकी सिद्ध होते. (डोमेनचं खातं तुमच्याच ईमेलवर हवं, साइट बनवणाऱ्याच्या नाही. माझ्या गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो.) मग 'परफॉर्मन्स'मध्ये लोकांनी काय शोधलं, तुमची साइट किती वेळा दिसली आणि किती जणांनी उघडली ते कळतं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल यादीत दाखवत नाही, म्हणून बेरीज जुळली नाही तरी घाबरू नका. "तारकर्ली बीचजवळ राहण्याची सोय" या शोधात साइट भरपूर दिसते पण उघडत कुणी नाही, असं असेल तर पानाचं शीर्षक बदला. गाव, किनाऱ्यापासूनचं अंतर, घरगुती जेवण, हे तिथेच लिहा.

तुलना मात्र आपल्या हंगामाप्रमाणे करा. मे आणि जुलै शेजारी ठेवून काही कळत नाही; पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे यंदाचा मे गेल्या मेशी ताडून बघता येतो. ऑगस्ट-सप्टेंबरला चतुर्थी कधी होती ते आधी कॅलेंडरात बघा, नाहीतर उगाच आकडा पडल्यासारखा वाटेल. शिमग्याचंही तसंच.

फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर ठरणारी बुकिंग यात पूर्ण दिसत नाहीत. म्हणून पाहुण्यांच्या वहीत एक रकाना वाढवा: "आमचा पत्ता कुठून मिळाला?" मी तर म्हणेन, हा रकाना आजच आखा.

रँकिंग उघडायचंच तर एका कामासाठी उघडा. एखादं बुकिंग पोर्टल कमिशन मागत असेल, तर त्याची दुसऱ्या मोठ्या पोर्टलशी तुलना करा. मोठ्या साइटना हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. जगाचा आकडा सोडा, भारतातला बघा, आणि तोही गेल्या काही महिन्यांचा कल.