ट्रान्सफरचा चान्स किती, हे स्वतःच कसं काढायचं (कॅलिफोर्नियातली मुलं आणि त्यांचे आईबाबा, दोघांसाठी)

एप्रिल आला की बे एरियातल्या मराठी घरांमध्ये हा विषय निघतोच, पोराला बर्कली नाही मिळालं, मग आता डी ॲन्झा नाहीतर ओलोनी अशा कम्युनिटी कॉलेजात घालू आणि दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊ, म्हणजे तिथून थेट तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊ. प्लॅन चांगला आहे, पण चान्स किती असं विचारलं की अर्धे लोक म्हणतात "अहो सगळ्यांना मिळतं" आणि उरलेले युसीएलए 9 टक्केच घेते म्हणून घाबरवतात. ते 9 टक्के हायस्कूलमधून थेट जाणाऱ्यांचे. ट्रान्सफरवाल्यांचा आकडा साधारण 25 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तोही तुमच्या कामाचा नाही, कारण त्यात हिस्ट्रीवाले आणि कम्प्युटर सायन्सवाले सगळे एकाच पातेल्यात ढवळलेत.

1) आधी मेजरचा (मुख्य विषयाचा) आकडा शोधा

युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली आणि युसीएलए तिचेच कॅम्पस) इन्फर्मेशन सेंटरच्या साइटवर 'ट्रान्सफर्स बाय मेजर' म्हणून तक्ता असतो, फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही. कॅम्पस निवडा, मेजर निवडा. किती जणांनी अर्ज केला, किती जणांना घेतलं आणि घेतलेल्यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी, 4.0 पैकी, ए म्हणजे 4) कुठून कुठपर्यंत होता ते दिसतं. जीपीएचे दोन आकडे असतात आणि लोक इथे हमखास घोळ घालतात. खालचा आकडा म्हणजे किमान मर्यादा नव्हे, घेतलेल्यांपैकी पाव मुलं त्याच्याही खाली होती, आणि वरचा आकडा 4.0 दिसला म्हणजे 4.0 वाल्या प्रत्येकाला मिळालं असंही नाही, कारण नकार मिळालेल्यांचा जीपीए त्या रेंजमध्ये धरलेलाच नसतो. एकच वर्ष बघून निष्कर्ष काढू नका, दोनतीन वर्षं शेजारी ठेवून बघा. छोट्या मेजरमध्ये आकडे फार उड्या मारतात.

2) प्रायव्हेट कॉलेज असेल तर 'कॉमन डेटा सेट'

कॉलेजचं नाव आणि पुढे कॉमन डेटा सेट असं सर्च करा, पीडीएफ मिळते, त्यातला डी सेक्शन ट्रान्सफरचा. किती अर्ज, किती घेतले, किती प्रत्यक्ष आले. भागाकार तुमचा तुम्ही करा. हे बघितलं की डोळे उघडतात, कारण नावाजलेली कॉलेजं सगळी एका माळेतली नसतात. कॉर्नेल दरवर्षी शेकडो ट्रान्सफर घेतं, युएससी त्याहून जास्त, आणि प्रिन्स्टनने तर 1990 पासून ट्रान्सफर बंदच ठेवले होते, 2018 मध्ये पुन्हा सुरू केले आणि घेतले तेही मोजकेच. हार्वर्डचंही तसंच, तिथे जागाच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मुलगा कितीही हुशार असला तरी अशा जागा यादीत "लागली तर लागली" याच खात्यात धरायच्या.

3) आता खरं काम, कोर्सेस

माझं स्पष्ट मत आहे की जीपीएच्या आधी कोर्सची यादी तपासावी, कारण कमी जीपीएवाल्याला निदान रांगेत उभं तरी करतात, पण मेजरचा आवश्यक कोर्सच नसेल तर भल्याभल्यांचा अर्ज बाजूला पडतो. असिस्ट डॉट ऑर्ग उघडा, तुमचं कम्युनिटी कॉलेज टाका, जायचं ते युसी टाका, मेजर टाका. एका बाजूला युसीचा कोर्स, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडचा त्याच्या तोडीचा कोर्स असं समोरासमोर येतं. प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा, झालेल्याला टिक, चालू असलेल्याला गोल, आणि राहिलेल्यापुढे कुठल्या टर्ममध्ये घेणार ते लिहा. डी ॲन्झाला क्वार्टर पद्धत (सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्म) आहे म्हणून तिथे कॅल्क्युलस 1ए, 1बी, 1सी, 1डी असं चार तुकड्यांत चालतं, त्यातले दोन तिथे केले आणि उरलेलं उन्हाळ्यात सेमिस्टरवाल्या दुसऱ्या कॉलेजात केलं की जोडणी तुटू शकते, असलं काही करायच्या आधी काउन्सेलरकडून लेखी घ्या, तोंडी नको.

ज्युनियर म्हणून (तिसऱ्या वर्षाला) जायला ट्रान्सफरेबल, म्हणजे युसी मान्य करते असे, 60 सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट) लागतात, क्वार्टरमध्ये 90. त्यातले पास/नो पास वर (ग्रेडऐवजी नुसता पास-नापास) घेतलेले 14 सेमिस्टर युनिट्सपेक्षा जास्त चालत नाहीत.

4) जीपीए कागदावर मांडा

फक्त युसी-ट्रान्सफरेबल कोर्सेसचा धरायचा. किमान 2.4 (कॅलिफोर्नियाचे रहिवासी नसाल तर 2.8), पण हा नुसता उंबरठा झाला, चांगल्या कॅम्पससाठी त्याला काही अर्थ नाही. आणि बघा, अर्ज जातो नोव्हेंबरमध्ये, फॉलचे (ऑगस्ट ते डिसेंबरच्या टर्मचे) ग्रेड्स जानेवारीत अपडेट करता येतात, निर्णय एप्रिलपर्यंत. म्हणजे दोन वर्षांपैकी तीनच सेमिस्टर निर्णायक. समजा पहिल्या वर्षी 30 युनिट्सवर 3.4 आहे आणि फॉलला 15 युनिट्स सगळे ए आले, तर (30×3.4 + 15×4) ÷ 45 = 3.6. घरोघरी "शेवटी कव्हर करेल" म्हणतात ना, ते एवढंच कव्हर होतं. सी आला असेल तर तो पुन्हा देऊन पुसता येत नाही, युसी फक्त डी किंवा एफची रिपीट मोजते.

आता 1 ते 4 एकत्र ठेवा. कोर्स सगळे पूर्ण, जीपीए वरच्या आकड्याजवळ आणि मेजरला अर्ध्याहून जास्त जणांना घेतात, तर चांगला चान्स. जीपीए रेंजच्या मधे आणि मेजर मध्यम असेल तर टॉस. जीपीए खालच्या आकड्याखाली, किंवा कोर्स राहिलाय, किंवा मेजर एक आकडी टक्क्यांचं आहे, यातलं एक जरी असलं तरी ते रीच, म्हणजे मिळणं अवघडच धरायचं, मग शेजारच्यांचा मुलगा तसाच गेला असला तरी. टक्केवारीत अजून बारीक सांगणाऱ्या कन्सल्टंटला पैसे देऊ नका.

5) टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) भरा

सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात. फक्त एकाच कॅम्पसचा घेता येतो, सप्टेंबरमध्ये भरायचा, आणि नंतर नेहमीचा अर्जही वेगळा करायचाच. बर्कली, युसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. कम्प्युटर आणि इंजिनिअरिंगची बरीच मेजर्स ठिकठिकाणी वगळलेली असतात, त्या वर्षीची यादी वाचा. लाजायचं काही नाही, हमी हातात असली की वरच्या दोनतीन ठिकाणी बिनधास्त अर्ज करता येतो.

निबंधांबद्दल थोडक्यात. युसीला चार छोटी उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द, सॅट परीक्षा बघतच नाहीत. प्रायव्हेटला मात्र पहिल्याच वर्षानंतर अर्ज करत असाल तर हायस्कूलचा रेकॉर्ड बराच मोजतात, तो कच्चा असेल तर दुसरं वर्ष होऊ द्या.

पुण्यामुंबईहून इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष करून जायचं म्हणत असाल तर गणित वेगळं. युसीत घेतलेल्या ट्रान्सफरपैकी 90 टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजचेच असतात, शिवाय बाहेरच्यांना फीवर वर्षाला 30 हजार डॉलरच्या वर जादा. आणि टक्के भागिले 25 करून जीपीए काढू नका, आपल्याकडचे 68 टक्के त्या हिशोबाने उगाच 2.72 दिसतात, मार्कशीटचं रीतसर इव्हॅल्युएशन करून घ्या.

प्रवेश मिळाला तरी लगेच हो म्हणू नका. फॉलसाठी युसीची होकार द्यायची मुदत 1 जून असते, तोवर किती युनिट्स मेजरमध्ये धरले, पदवीला अजून किती सेमिस्टर लागतील आणि एड (फीसाठी मदत) किती आली हे तिन्ही त्यांच्याकडून ईमेलवर मागवून घ्या. एक जादा वर्ष लागत असेल तर त्याचाही खर्च मांडून बघा.