अमेरिकेत किंडरगार्टनला नाव घालताना: कटऑफ, तास आणि लसी

मूल पाच वर्षांचं झालं की किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गाला) जाणारच, असं धरून चालू नका. पाच वर्षं कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवीत, ती कटऑफ जागेगणिक बदलते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबर, व्हर्जिनियात ३० सप्टेंबर, न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर. कनेक्टिकटने २०२४ मध्ये ती १ जानेवारीवरून १ सप्टेंबरवर आणली. त्यामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये जन्मलेलं मूल न्यूयॉर्क शहरात २०२६ ला शाळेत बसेल, टेक्सासात २०२७ ला. नोकरीसाठी राज्य बदलत असाल, तर घराचा करार करण्याआधी नव्या स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) विचारा की सुरू झालेलं किंडरगार्टन पुढे चालू ठेवू देतील का. उत्तर ईमेलवर घ्या. देशभर एकच तारीख असती तर मुलांचं वर्ष असं टांगणीला लागलं नसतं.

मग तास विचारा. पूर्ण दिवस साधारण सहा तासांचा, अर्धा अडीच-तीन तासांचा. कोलोरॅडोत २०१९ पासून पूर्ण दिवसाचा खर्च राज्य उचलतं, पण सगळीकडे तसं नाही. अर्धाच दिवस असेल तर दुपारची बस आहे का, तेही विचारा आणि पाळणाघरात आधीच नाव नोंदवा.

खरं अडतं ते लसींवर. बहुतेक राज्यांना डीटीपीचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) पाच डोस लागतात (चौथा मूल चार वर्षांचं झाल्यावर दिला असेल तर चार पुरतात), पोलिओचे चार, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांचे दोन-दोन, हिपॅटायटिस बीचे तीन. भारतात नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथे धरत नाहीत, कारण पहिला वाढदिवस झालेला असावा लागतो. तिथल्या सरकारी केंद्रातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंडाची लस नसते. एप्रिल २०१६ नंतरचे पोलिओचे थेंबही मोजत नाहीत. शिवाय ०४/०८ म्हणजे आपल्याकडे ४ ऑगस्ट, इथे ८ एप्रिल. लसींच्या कार्डावर महिन्याचं नाव अक्षरात लिहूनच डॉक्टरांना द्या. राहिलेल्या डोसांमध्ये ठरावीक अंतर लागतं, म्हणून निदान सहा महिने आधी जा.

बाकी कागद सोपे: जन्मदाखला किंवा पासपोर्ट, घराचा करार, विजेचं बिल. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक) नसला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घरातल्या भाषेच्या फॉर्मवर मराठी लिहा, लपवू नका. त्यावरून होणारी इंग्रजीची चाचणी जादा मदत लागेल का हे पाहायला असते. प्रवेश तिच्यावर अवलंबून नसतो.