मराठवाड्यात पहिले घर घेताना आधी जमीन तपासा

पहिले घर घेताना आपण खोल्या, फरशी आणि कर्जाचा हप्ता पाहतो. मराठवाड्यात मात्र त्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे घराखालची जमीन. निजामकाळातील इनामे (सेवेसाठी किंवा देवस्थानासाठी दिलेल्या जमिनी) आणि त्यानंतर लागू झालेले हैदराबादचे कूळ व इनामविषयक कायदे यांमुळे आपल्याकडील जमिनींचा इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे.

विसार देण्याआधी सातबारा, किंवा जागा नगर भूमापन हद्दीत असल्यास मालमत्ता पत्रक, महाभूलेख संकेतस्थळावरून स्वतः काढावे. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाइतकेच लक्ष भोगवट्याच्या प्रकाराकडे आणि ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे द्यावे. तेथे ‘भोगवटादार वर्ग-2’ (हस्तांतरावर शासकीय बंधने असलेली जमीन), ‘खिदमतमाश’ (सेवेच्या मोबदल्यात दिलेले इनाम), ‘देवस्थान इनाम’ किंवा ‘कूळ’ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे अडचणीत येऊ शकतो, मग घर कितीही देखणे असो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजाही याच रकान्यात दिसतो. त्यानंतर वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल (मालकी व बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी) घ्यावा आणि 1954-55 चे खासरा पत्रक (त्या काळची जमिनीची नोंद) पाहण्याचा आग्रह धरावा, कारण जुन्या इनामाचा माग पुष्कळदा तेथेच लागतो.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांच्या कडेला गुंठेवारीतील, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांवरील, घरे स्वस्त मिळतात. नुसत्या नोटरी केलेल्या बाँडवर मात्र मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखतच हवे. बांधकाम 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले असल्यास महापालिकेचे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात पाहावे, नसल्यास अकृषिक परवानगी आणि मंजूर नकाशा मागावा. हे कागद नसतील तर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, आणि बँकेने दिलेला नकार हा आपल्यासाठीही इशाराच समजावा.

नव्या प्रकल्पातील सदनिका असेल, तर महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची माहिती पाहावी. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही.

पाण्याची चौकशी मे महिन्यात करावी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. नळजोडणी कोणाच्या नावावर आहे, नळाला किती दिवसांआड पाणी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का आणि टँकरचा खर्च कोण देतो, हे विक्रेत्याला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे.

खरेदीखत झाल्यावर सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) ची प्रत घ्यावी, फेरफार (मालकी बदलाची नोंद) मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर आपले नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा, आणि मालमत्ता कर, वीज व पाणी यांची खातीही आपल्या नावावर करून घ्यावीत.