ध्रुवीय निर्देशक : बिंदू मांडताना या चुका टाळा

अकरावीच्या मुलाला (३, ४) दाखवा, डोळे मिटून तीन घरं उजवीकडे, चार घरं वर जाईल. हात तसाच वळलेला असतो. ध्रुवीय निर्देशकांत मात्र बिंदू अंतर आणि कोन यांनी सांगतात. म्हणून गोव्यातल्या बेतीच्या माझ्या शिकवणीत (३, ४०°), म्हणजे अंतर ३ आणि कोन ४०°, फळ्यावर लिहिण्याआधी मी मुलांना अंगणात नेते. तुळशी वृंदावन म्हणजे ध्रुव, जिथून अंतर मोजायचं; तिथून फाटकाकडे ओढलेली खडूची रेघ ही आरंभरेषा, जिथून कोन मोजायचा. कंसात अंतर आधी लिहितात, पण अंगणात आधी वळायचं, मग चालायचं.

ऋण अंतराचा घोळ इथेच सुटतो. (−२, ३०°) साठी तोंड ३०° कडे आणि दोन पावलं मागे. तोंड फिरवायचं नाही. वहीत बरीच मुलं हा बिंदू १५०° वर ठोकतात, कारण डोक्यात ‘ऋण म्हणजे डावीकडे’ बसलेलं. अंगणात मागे गेलेला मुलगा २१०° वर उभा दिसतो. (तुळशीवर धडकू नका, असं सासूबाई ओसरीवरून ओरडतात, तेवढं सांभाळायचं.)

एक मुलगा (५, ३०°) दर वेळी ६०° च्या रेषेवर मांडायचा. वडील मालीम जेटीवरून ट्रॉलर घेऊन जातात, तो होकायंत्र बघत वाढलेला. तिथे शून्य उत्तरेला, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो. आपल्याकडे शून्य उजवीकडे, कोन काट्यांच्या उलट. एवढं सांगितल्यावर तो पुन्हा चुकला नाही. उत्तर का चुकलं, हे आधी मुलालाच विचारावं.

चौकटीच्या कागदावर (५, ४५°) साठी पाच घरं तिरकी मोजू देऊ नका, ते अंतर ७.०७ भरतं. कंपासमध्ये पाच एकक घेऊन कंस मारायला लावा.

उलट रूपांतरात, म्हणजे x, y वरून अंतर आणि कोन काढताना, (−१, −√३) दिलं की कॅल्क्युलेटर टॅनवरून ६०° सांगतो. बिंदू तिसऱ्या चरणात आहे, म्हणजे कोन २४०°. आधी चरण, मग बटण. आणि कॉस ६० दाबल्यावर ०.५ ऐवजी −०.९५ आलं, तर यंत्र अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर आहे.

एक चूक माझीच. उत्तरसूचीत (४, ३००°) होतं, मुलीने (४, −६०°) लिहिलं होतं आणि मी लाल फुली मारली. बिंदू एकच. फुली खोडून गुण दिले, तिने मात्र आठवडाभर ते ऐकवलं.